झाकून ठेवलेलं शेवाळाचं सूप

आमची कोरियातली स्क्वाड्रन लढाऊ होती तेव्हापासून बुन-रे मावशी आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करतात. वैमानिकांची हजेरी कमांडर घ्यायचे, पण खरी गणती व्हायची मावशींच्या वाडग्यांवर. भोंगा वाजला की पोरं अर्धं जेवण टाकून विमानांकडे पळायची. मावशी प्रत्येकाच्या सूपवर झाकण ठेवून वाट बघायच्या. माणूस परतला की तोच वाडगा गरम करून पुढ्यात. "आकाश राखून आलात ना? आता हे संपवा. आणि मुळ्याची किमची टाकायची नाही!" एकही झाकण उघडायचं राहिलं नाही, हे त्या दर नववर्षाला आमच्या हवामान खोलीत येऊन सांगत. जणू सगळी कामगिरी झाकणांचीच. आम्हीही तसंच मानायचो.

पुढे ती विमानं म्हातारी होऊन गेली आणि दोन आसनांची शिकाऊ विमानं आली. शेपटीवर रंगवलेला वाघ तोच राहिला, पण मावशींच्या मते त्याचे दात पडले होते. "भोंगा नाही, पळापळ नाही. घंटा झाली की रांगेत जेवतात. ही काय स्क्वाड्रन म्हणायची? शाळा आहे शाळा!" झाकणांची चळत फडताळात गेली.

मावशींची एक सवय मात्र सुटली नाही. ज्याचा वाढदिवस, त्याला सकाळी समुद्री शेवाळाचं सूप. आमच्याकडे ते आईनं करायचं असतं, आणि तळावर आई म्हणजे मावशीच. पण शाळा म्हटली की रोज कुणाची तरी परीक्षा. आणि परीक्षेच्या दिवशी ते बुळबुळीत सूप प्यालं की माणूस घसरतो, नापास होतो, हे आमच्या कोरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या एप्रिलमध्ये पियो हान-सोल नावाच्या शिकाऊ वैमानिकाचा वाढदिवस आला. मावशींनी वाडगा पुढ्यात ठेवला. पोरगं भिडस्त. मान खाली घालून त्यानं अर्धा संपवला, तेवढ्यात शेजारचा ओरडला, "अहो मावशी, आज याची एकट्यानं उडायची परीक्षा! मागच्या वेळी नापास झालाय. आज घसरला तर कायमचा जमिनीवर!"

मावशींच्या हातातला डाव तसाच राहिला. "मेल्या, बोलला का नाहीस?"

"तुम्ही पहाटे उठून केलं होतं, मावशी." हान-सोलनं वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

मावशींनी फडताळ उघडलं, एक झाकण काढून पुसलं आणि त्या अर्ध्या वाडग्यावर ठेवलं. मग आमच्या हवामान खोलीच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"वारा कसा आहे रे?"

"बरा आहे, मावशी."

"बरा नको. चांगला कर."

पहिल्या फेरीला मागच्या आसनावर परीक्षक मेजर कू होते. विमान उतरलं. मेजर खाली आले, रिकाम्या आसनाचे पट्टे आवळले आणि बाजूला झाले. आता पोरगं एकटं. विमान वर चढलं, खाडीवरून वळलं. मावशींनी माझा दंड असा धरला की विमानापेक्षा मलाच जास्त भीती वाटली. मग ते खाली आलं आणि चाकं कधी टेकली ते कळलंच नाही. धावपट्टीवरून नुसतं सरकत गेलं.

मेजर कू मेसमध्ये शिरले ते हसतच. "मावशी, घसरला हो तुमचा! पण काय घसरला! उद्यापासून सगळ्यांनाच पाजा ते सूप."

मागून हान-सोल आला, निथळत. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याला हौदात टाकायची आमची रीत आहे. तो सरळ आपल्या जागेवर बसला. "मावशी, माझा वाडगा?"

"थांब, गार झालंय. गरम करते." पाठ वळवून त्यांनी पदराला, म्हणजे ॲप्रनला, डोळे पुसले. "आणि पाणी गाळू नकोस माझ्या फरशीवर."

दुपारी फडताळातली सगळी झाकणं घासून उन्हात मांडलेली दिसली. कमांडरनी विचारलं, "मावशी, आता कुठला भोंगा वाजायचाय?"

"पोरं वर जातात ना?" मावशी म्हणाल्या. "मग परत यायची असतातच की."