पंखेताईंचा कॉम्प्युटर

कारखान्यात त्यांना सगळे पंखेताई म्हणत. घरात छताला गरगरतात ते पंखे नव्हेत. धूर, धूळ, रंगाची वाफ ओढून बाहेर फेकणारे, माणूस आत उभा राहील एवढे थोरले पंखे. त्यांचं पातं कुठे किती वळवायचं, पत्रा किती जाड घ्यायचा, हे ताई ठरवत. नाव मालकांनीच पाडलेलं. “आडनाव सासरकडून मिळालं, हे तरी माझ्या कमाईचं,” असं त्या सासूबाईंच्या तोंडावर म्हणत, आणि सासूबाईही हसत.

एका गिऱ्हाइकाकडे चालत्या पंख्याचं पातं तडकलं. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. पात्यावर ताण कुठे येतो हे कॉम्प्युटरवर काढून बघायचं काम तोवर बाहेरच्या सल्लागारांकडे जाई. बऱ्याच दिवसांनी तिकडून निळं-हिरवं-लाल चित्र येई आणि खाली ‘सुरक्षित’ असा शेरा. हे पातंही सुरक्षितच होतं. “बुडाशी पत्रा जाड केला तर काय होईल?” असं ताईंनी विचारलं, की ठरलेलं उत्तर यायचं, “नवीन काम धरावं लागेल.”

“हे मी इथेच करते,” ताई मालकांना म्हणाल्या. “शिकलेय मी. मुलं लहान होती म्हणून सुटलं होतं.”

मालकांनी हनुवटी खाजवली. “कॉम्प्युटर तुम्हीच निवडा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण घेणार एकदाच. जमलं तर काम तुमचं. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही.”

इथवर सगळं सरळ होतं.

सर्वांत आधी धावून आला धाकटा दीर. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती जिंकणारा. “वहिनी, डोळे मिटून मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या. बाकी सगळं लिंबूटिंबू.” ताईंना पटलं.

मग त्यांनी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “कार्ड? तुमच्या कामात ते चित्र फिरवून बघण्यापुरतं. प्रोसेसरमधले कोअर बघा, कोअर! जितके हात जास्त, तितकं काम लवकर.” हेही पटलं.

कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, “वेडी आहेस का? रॅम बघ आधी. गणित मेमरीत मावलं नाही तर कोअर काय हात चोळत बसतील!” हे तर अगदीच पटलं. ताईंचं दुखणं हेच होतं, की शेवटी जो बोलेल तो त्यांना खरा वाटे. पत्रा कापायच्या मशीनवरच्या माणसालाही खडसावणाऱ्या ताई घरी येऊन भांडी विसळताना पुटपुटत, “कार्ड... नाही, कोअर... की रॅम?”

“ऐकावं जनाचं, करावं मनाचं,” सासूबाईंनी सांगितलं.

“अहो आई, पण मनच जनाचं ऐकून बसलंय. त्याचं काय करू?”

नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “कपाट घेताना बरी गोंधळली नाहीस.”

“कपाटाचं दार उघडून बघता येतं.”

“मग याचंही उघडून बघ.”

ही थट्टा होती. ताई मात्र रागावल्या आणि भांडी जरा जोरातच पालथी घालू लागल्या.

सुट्टीच्या दिवशी दिराला बरोबर घेऊन त्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. पेन ड्राइव्हवर तडकलेल्या पंख्याचं मॉडेल होतं, आणि सॉफ्टवेअरवाल्याने थोड्या दिवसांसाठी परवानाही दिला होता. दुकानदाराने आपलं सर्वांत दांडगं यंत्र पुढे केलं. “ताई, एवढे कोअर आसपास कुणाकडे नाहीत. पंखा काय, विमान उडवाल!”

आधी थोडे कोअर लावले. हळूहळू चाललं. मग सगळे लावले, तरी काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी तशीच गोगलगायीसारखी सरकत राहिली. हात वाढले, काम तेवढंच.

“तुमचं सॉफ्टवेअर जुनं असेल,” दुकानदार म्हणाला.

“मी कार्ड म्हणत होतो!” दीर म्हणाला.

“असं व्हायला नको खरं तर,” फोनवर सॉफ्टवेअरवाला म्हणाला.

ताईंचं डोकं गरगरायला लागलं. सरळ मालकांना सांगून टाकावं, पाठवा काम बाहेरच, आपण आपली पाती मोजत बसावं. त्यांनी पर्स उचललीसुद्धा. मग का कोण जाणे, पुन्हा खाली ठेवली.

“याचं दार उघडता का?”

“उघडून काय बघणार?”

“ठाऊक नाही. कपाट बघते तसं.”

दुकानदाराने झाकण काढलं. आत मधोमध प्रोसेसर, त्याच्या दोन्ही बाजूंना लांबट खाचा. एका खाचेत रॅमची पट्टी, बाकी सगळ्या रिकाम्या.

“या रिकाम्या का?”

“पुढे वाढवायला. तुमच्यासाठी मोठ्यातली मोठी एकच पट्टी घातलीय.”

ताई वाकून बघत राहिल्या. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. एका अरुंद नळीवर दहा पंखे बसवले, तर वारा वाढत नाही, नुसती घरघर वाढते. इथेही एवढ्या कोअरना आकडे पुरवायला खाच एकच. पण हे यंत्र, तो वारा. इथलं तिथे कसं लावणार? तरी त्या बोलून गेल्या, “एका मोठ्या पट्टीऐवजी लहान लहान पट्ट्या सगळ्या खाचांत घालाल?”

“मेमरी तेवढीच होणार, ताई. बेरीज तीच. फरक काय पडेल?”

“मलाही कळत नाहीये. घालून तर बघू.”

दुकानदाराने पट्ट्या बदलल्या, चहा मागवला. चहा अर्धाच झाला होता, तोच गणित संपलं. दुकानदाराने पडद्याकडे पाहिलं, मग कशाला कोण जाणे, टेबलाखाली वाकून पाहिलं.

“कार्ड न बदलता?” दीर दुखावल्या सुरात म्हणाला.

ताईंनी मैत्रिणीला फोन केला. “अगं, मी हेच सांगत होते!” ती म्हणाली.

“तू रॅम जास्त घे म्हणालीस. मी जास्त घेतलीच नाही, नुसती वाटून बसवली.”

“असं होय... मग मलाही नाही माहीत.”

यंत्र कारखान्यात आलं. मालकांच्या समोर ताईंनी तडकलेल्या पात्याचं गणित लावलं. सल्लागारांच्या चित्रात सर्वांत जास्त ताणाचा लाल ठिपका पात्याच्या टोकाकडे होता; यात तो मागच्या बाजूला, बुडाच्या वेल्डिंगजवळ उमटला.

“आता यातलं खरं कोणतं?” मालकांनी विचारलं.

दोघं अंगणात गेले. गिऱ्हाइकाकडून परत आलेलं ते तडकलेलं पातं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ताईंनी तड्यावरून बोट फिरवलं. तडा बुडाशीच होता, पण लाल ठिपक्याच्या बोटभर अलीकडे.

“म्हणजे तुमचंही चुकलं?”

“असेल. वेल्डिंगची कड मी नीट घेतली नसेल. नाहीतर पत्राच सगळीकडे सारखा नसेल. नाहीतर...” ताईंनी मान हलवली. “आत्ता नाही सांगता येत.”

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मग? नवीन काम धरावं लागेल म्हणता?”

“छे हो. पुन्हा लावते. कड बदलून.”

आत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. मालक दारापर्यंत गेले, थांबले, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून ताईंच्या शेजारी येऊन बसले.

“लावा. आणि मला जरा सांगत जा, हा हिरवा कशाचा?”