गेन्झाबुरोंचा कोमट चहा

नाव : इनोकुमा तोकुजी. वय : चौऱ्याहत्तर पूर्ण. निवास : हिएदा, शिकोकू. पूर्वीचा हुद्दा : नगर कार्यालय, रस्ते विभाग, कनिष्ठ लिपिक ते वरिष्ठ लिपिक (या प्रवासास एकतीस वर्षे लागली). सध्याचे पद : नगर पर्यटन संघाचे प्रमाणित स्वयंसेवी मार्गदर्शक, बिल्ला क्रमांक तीन, क्रमांक एक दिवंगत, क्रमांक दोन मुलाकडे ओसाकाला. कार्यक्षेत्र : कुसुनोसे गेन्झाबुरो यांच्या हत्येची स्मारकशिळा व तिच्याभोवतीचा वाहनतळ. वर्तन : चांगले. उक्त इसमाविरुद्ध कोणतीही तक्रार कार्यालयाच्या दप्तरी नाही.

तक्रार नव्हती, हे खरं. ती करण्याइतकी माहिती आता गावात एकाच माणसापाशी उरली होती आणि तो बिल्ला क्रमांक तीन लावून हिंडत होता.

कुसुनोसे गेन्झाबुरो हे इथल्या जहागिरीचे कारभारी. तलवारी मोडीत काढून बंदुका घ्याव्यात आणि वंशपरंपरेने बसलेल्यांना उठवून चार शिकलेली पोरं बसवावीत, असं ते उघड बोलले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या सत्तांतराच्या दोन वर्षं आधी, किल्ल्यातून घरी परतत असताना आपल्याच जहागिरीतल्या तिघांनी त्यांना रस्त्यात गाठलं. मेले तेव्हा ते गद्दार होते. दोन वर्षांनी राज्य बदललं आणि ते द्रष्टे झाले. त्यासाठी त्यांना स्वतःला काही करावं लागलं नाही.

कोसळले ते रस्त्याकडेच्या मिझोबुची कुटुंबाच्या दारात. त्यांनी चहा मागितला. त्या घरच्या सुनेने धावत आणला, पण तो इतका कढत होता, की फुंकर घालेपर्यंत पाहुणा गेला. तेव्हापासून त्या घरची सून रोज सकाळी पहिला चहा कोमट करून दारात, पुढे तिथे उभारलेल्या स्मारकशिळेपुढे, ठेवत आली. पाहुण्याची जीभ भाजू नये, एवढंच त्यातलं शास्त्र.

शोवा चोपन्न साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांपूर्वी, रस्ता रुंद करायचा ठरला. शिळा नव्या पदपथावर येत होती. तिला पलीकडे, बस वळू शकेल अशा मोकळ्या जागेत न्यायचं ठरलं. आता दगड हलवणं काही कठीण नाही, क्रेन असते. पण असा दगड हलवायच्या आधी देवळातल्या भिक्षूने सूत्रपाठ करून त्यातला आत्मा काढून घ्यायचा असतो आणि नव्या जागी परत बसवायचा असतो. नाहीतर हलतो तो नुसता दगड. भिक्षूला आणायचं काम अठ्ठावीस वर्षांच्या तोकुजीकडे होतं.

तो देवळात गेला तेव्हा भिक्षूची बायको म्हणाली, "अहो, रात्रीपासून मूतखड्याने तळमळताहेत. आत्ताच इस्पितळात नेलं." क्रेन मात्र प्रांताच्या मुख्य शहरातून आली होती, दुपारी परत जायची होती आणि पुन्हा चार महिने मिळणार नव्हती. साहेब म्हणाले, "उचला." तोकुजीने टोपी काढली, शिळेपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "माफ करा, जरा पलीकडे घेतो." क्रेनवाला हसला. अहवालात तोकुजीने लिहिलं : विधी यथासांग पार पडला.

भिक्षू बरे झाले की गुपचूप विधी उरकून घेऊ, असा त्याचा विचार होता. पण कागदावर झालेला विधी पुन्हा करायचा, तर पहिला झालाच नव्हता असं आधी कागदावर यावं लागतं. रस्ते विभागात तशी पद्धत नव्हती.

अंगणाचा तुकडा कापला जात होता म्हणून मिझोबुची मंडळी महिनाभर नातेवाइकांकडे राहायला गेली होती. परतल्यावर सासूबाईंनी तोकुजीला गाठलं. "विधी नीट झाला ना रे?"

"झाला."

"मग पाहुणा पलीकडे गेला म्हणायचा. आपण पलीकडे जायचं," असं म्हणून सासूबाईंनी कप सुनेच्या, म्हणजे सुएच्या, हातात दिला. सुए तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. आज एक्याण्णव. गुडघे गेले, नवरा गेला, सून शहरात नोकरी करते. चाकांची ढकलगाडी घेऊन, तिच्या टोपलीत कप ठेवून, सुए रोज सकाळी तो रस्ता ओलांडत होती. पलीकडे तोकुजी पर्यटकांना सांगत असे, "याच जागी, मंडळी, याच जागी!" आणि ती आली की नकाशाची घडी घालायला लागे.

यंदा वैशाखात दूरचित्रवाणीची मंडळी आली. गेन्झाबुरोंवर तासाभराचा माहितीपट व्हायचा होता. दिग्दर्शिका हिराइवा म्हणून एक चटपटीत बाई होती. तिने चहाची गोष्ट ऐकली आणि तिचे डोळे लकाकले. "दीडशे वर्षांचा कोमट चहा! इनोकुमा-सान, शेवट यावरच करायचा. आजी रस्ता ओलांडतात, शिळेपाशी जातात, चहा ठेवतात. संपलं."

सुएकाकूंनी ठेवणीतला किमोनो काढला. त्यांच्या गळपट्टीला ध्वनिमुद्रणाच्या माणसाने बोटाएवढा माइक अडकवला. पहिल्या वेळी मध्ये ट्रक आला. दुसऱ्या वेळी काकू कॅमेऱ्याकडे बघून अदबीने वाकल्या. तिसऱ्या वेळी ऊन गेलं. चौथ्या वेळी कप कलंडला.

"आजी, अजून एकदाच हं," हिराइवा म्हणाली.

"गेन्झाबुरोंना मारायला आले त्यांचं एकदातच भागलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्हांला मला किती वेळा न्यायचंय?"

सगळे हसले. तोकुजीही हसला. पाचव्या वेळी त्या रस्त्याच्या मधल्या दुभाजकापर्यंत पोचल्या आणि गुडघा धरून उभ्या राहिल्या. सिग्नल लाल झाला. तोकुजी पळत गेला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या आणि हातभर रुंदीच्या दुभाजकावर दोघंच उरली.

"काकू, परत फिरा. घरी चला."

"वेडा आहेस का? शेवट व्हायचाय त्यांचा."

"पलीकडे कोणी नाहीये काकू."

"अख्खी पलटण उभी आहे की."

"शिळेत. शिळेत कोणी नाहीये. विधी झालाच नव्हता. भिक्षू इस्पितळात होते. मी खोटं लिहिलं. सासूबाईंना खोटं सांगितलं. ते तुमच्या दारातच आहेत, कधी हललेच नाहीत. तुम्ही सेहेचाळीस वर्षं रिकाम्या दगडाला..."

गाड्या जात होत्या. काकूंनी कपाकडे पाहिलं. मग तोकुजीकडे.

"काहीच केलं नाहीस? तसाच उचललास?"

"वाकलो. म्हटलं, माफ करा, जरा पलीकडे घेतो."

"एका कारकुनाने सांगितलं म्हणून कारभारी उठून जाईल होय रे?"

"नाही जाणार."

"नाहीच जाणार," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "यांचं दुखणं, थोरल्याचं लग्न मोडलं ते, सगळं मी तिकडे जाऊन सांगत आले तोकुजी. मग ते ऐकत कोण होतं?"



सिग्नल हिरवा झाला. काकूंनी गाडी वळवली आणि त्या आल्या वाटेने घराकडे चालू लागल्या. पलीकडून हिराइवा धावत आली. कानावरचा हेडफोन तिने गळ्यात ओढला होता. माइक चालू होता. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. पर्यटन संघाचे अध्यक्ष वाहनतळावर खाली मान घालून उभे होते.

"इनोकुमा-सान," हिराइवा दम खात म्हणाली, "हे सगळं पुन्हा एकदा, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल?"

"त्याला एकदा म्हणायलाच सेहेचाळीस वर्षं लागली," काकू मागे न बघता म्हणाल्या. "पुन्हा कुठलं म्हणतोय!"

त्यांनी दारात, पदपथावरच्या सायकलींच्या कठड्याशेजारी, जिथे पूर्वी शिळा होती तिथे कप ठेवला. हात जोडले. तोकुजी फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. आत ये म्हणेपर्यंत जायचं नाही आणि निघून जा म्हटल्याशिवाय हलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

"असा उभा काय राहिलास?" अखेर काकू म्हणाल्या. "स्वयंपाकघरात किटली आहे. दुसरा कप भर. कोमट कर आधी. आणि तिकडे नेऊन ठेव."

"तिकडे? पण तिकडे तर गेन्झाबुरो..."

"नसू देत गेन्झाबुरो. इतकी वर्षं कोणीतरी माझं रडगाणं ऐकून घेतलंय. आज एकदम त्याचा चहा तोडू? दाराचं मी बघेन. पलीकडचं आजपासून तुझ्याकडे. रोज. आणि ओशाळं तोंड घेऊन यायचं नाही, चहा नासतो."

तोकुजीने चहा भरला, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि तो सिग्नलपाशी जाऊन उभा राहिला. हिराइवाने कॅमेरावाल्याला खूण केली.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवून तो नगर कार्यालयात गेला आणि अहवाल दुरुस्त करायचा आहे म्हणाला. खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहून नम्रपणे सांगितलं, की त्या वर्षाचे कागद मुदत संपल्यावर नष्ट करण्यात आले आहेत. म्हणजे विधी झाल्याचा पुरावा आता नव्हता, आणि न झाल्याचाही. देवळातला सध्याचा भिक्षू म्हणाला, की विधी आजही करता येईल, पण त्यासाठी मिझोबुची घरची संमती लागेल. काकूंनी ती दिली नाही. "बसलेत ते बसू देत," म्हणाल्या. "त्यांना एव्हाना दोनदा हलवून झालंय, एकदा तलवारीने, एकदा कागदाने."

माहितीपट शरद ऋतूत, एका रविवारी रात्री आठला लागला. दुभाजकावरचं बोलणं त्यात नव्हतं. निवेदन आधीच ध्वनिमुद्रित झालेलं होतं आणि वेळही कमी पडत होता. शेवटून दुसऱ्या मिनिटाला इनोकुमा तोकुजी चार सेकंद दिसतात : दोन्ही हातांत कप धरून रस्ता ओलांडताना. त्यावर निवेदकाचा आवाज येतो : "ही सेवा आजही त्या घरची सून करते."