कोरी चौकट

"आपल्याच माणसांत कुलूप कशाला, राव?" असं डेअरीच्या चेअरमनना सांगत भाऊंनी दुधाच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेस सर्व्हरच्या पासवर्डची चौकट कोरीच सोडली. पिंपळवंडीच्या आसपासच्या डेअऱ्यांचे कॉम्प्युटर तेच बसवतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. भाऊ खुर्चीत बसत नाहीत. उभ्यानेच एका बोटाने टाइप करतात आणि इन्स्टॉल अडलं की स्क्रीनला बैलासारखं चुचकारतात, "हं, चल राजा."

त्या नोंदी ठेवायचं काम उद्यापासून माझ्याकडे येणार होतं. डेअरीचं वायफाय निम्म्या गावाच्या फोनवर होतं. कुणीही आत शिरून ज्यावर दर ठरतो ते कुणाच्याही दुधाचं फॅट बदललं असतं आणि जाब मला द्यावा लागला असता. कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये शिकलेलं सगळं मला इंग्रजीतच आठवत होतं. तेच मराठीत जुळवलं की गावावर संशय घेतल्यासारखं वाटत होतं.

"ताई, लई सोप्पं केलंय तुमाला. नुसतं एंटर मारा," म्हणत भाऊंनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. हा भोळेपणा, आळस की माया, मला काही कळेना.

मी कीबोर्ड ओढून घेतला.

"भाऊ, पासवर्ड मी टाकते," मी म्हणाले. "तुम्ही जरा तिकडे तोंड करा."