नव्या वस्तीतले चार वीस

बाईंनी घड्याळजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना दोनच अवयव होते: एक टक्कल आणि एक डोळा. टक्कल दुकानातल्या टेबलावर ओणवं होतं. बाई मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या, पायांना मुंग्या आल्या, आलेल्या मुंग्या कंटाळून निघून गेल्या, बाहेर एक ऋतू बदलला आणि मग टक्कल वर झालं. डोळ्यात भिंग तसंच होतं. त्या बशीएवढ्या डोळ्याने असं निरखलं, की आपलाच एखादा स्क्रू ढिला असावा असं बाईंना वाटलं.

"चार मिनिटं मागे आहात," डोळा म्हणाला.

तो घड्याळाबद्दल बोलत होता, हे त्यांना लग्नानंतर कळलं.

पुढची सव्वीस वर्षं टिकटिकीत गेली. घरात एकोणीस घड्याळं. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, तर तिथलं घंटेचं घड्याळही घड्याळजींच्याच हातचं. त्यामुळे ऐतिहासिक शहर बघायला तीन दिवस जायचं ठरलं तेव्हा बाईंनी एकच अट घातली: तीन दिवस घड्याळ नाही. हातात नाही, खिशात नाही, तोंडात नाही. फोनसुद्धा बंद करून पिशवीच्या तळाशी. घड्याळजींनी मान डोलावली. ती लंबकासारखी डोलली, पण बाईंनी तेवढं सोडून दिलं.

प्रश्न राहायचं कुठे हा होता, कारण त्या शहरातला घड्याळाचा मनोरा प्रसिद्ध. तेव्हा मनोऱ्यापासून जितकं लांब तितकं बरं. नदीकाठची वस्ती दमट, बाजारातली गोंगाटाची, किल्ल्याखालची चढावर, आणि बाईंचे गुडघे बोलायला लागलेले. उरली नवी वस्ती. नवी म्हणजे रुंद रस्ते, नवी म्हणजे मनोऱ्याशी संबंध नाही. फोनवरून खोली ठरवणाऱ्या लेकीने एकदा नकाशा बघून घे म्हणून सुचवलं, तेव्हा भूगोल तू शिकवतेस की मी, असं बाईंनी तिला सुनावलं.

खोलीच्या मालकिणीने खिडकी उघडली आणि बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. बोळाच्या पलीकडे, अख्खी खिडकी व्यापून, ती तबकडी होती.

"ही नवी वस्ती?" बाईंना कसंबसं विचारता आलं.

"हो ना. चारशे वर्षांपूर्वी नवीच होती. नाव बदलायचं राहून गेलंय."

बाई मटकन पलंगावर बसल्या. तिथून दुसरा धक्का दिसला. काटे चार वीसवर थांबलेले होते. बंद घड्याळ आणि आपला नवरा समोरासमोर. संपले तीन दिवस, असं त्या धरून चालल्या.

पण घड्याळजींनी खुर्ची उचलली, खिडकीकडे पाठ केली आणि पेपर उघडला. उलटा उघडला, पण उघडला. तीन दिवस त्यांनी मान वळवली नाही. बोळातूनही ते फरशा मोजत जायचे.

पाठ फिरवून बसणं बाईंना जमेना. सकाळचा चहा चार वीसला, राजवाडा बघून आलं तरी चार वीस. दर पाच मिनिटांनी त्यांची नजर काट्यांवर जाई आणि आत काहीतरी अडके. सव्वीस वर्षांत आपलंही काय होऊन बसलंय, हे कळून त्या हादरल्या. शेवटच्या दुपारी, गाडीच्या वेळी मालकीण हाक मारणार असं ठरलेलं असताना, त्यांचा धीर सुटला.

"अहो, जरा वर जाऊन बघून या की."

"काय बघू?"

"उगाच भोळेपणा नको. तुमच्या मोज्यात स्क्रू ड्रायव्हर आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला."

घड्याळजी असे उठले की पेपर हवेतच राहिला. मागोमाग बाईही निघाल्या. एकशे चौदा पायऱ्या चढताना गुडघ्यांनी पायरीगणिक निषेध नोंदवला. वरचं दार उघडलं. आत कबुतरं होती. यंत्र नव्हतं. काटे बाहेरच्या भिंतीवर नुसते रंगवलेले होते.

घड्याळजींनी झरोक्यातून वाकून, भिंग लावून खात्री करून घेतली. "खिडकीतून एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"अहो, पण आता किती वाजले असतील?"

घड्याळजींनी सवयीने रिकामं मनगट वर केलं. खाली मालकीण हाका मारून दमली होती.

परतीची गाडी पावणेपाचची होती. ती वेळेवर सुटली.