हमीदाच्या पामचा शेंडा

हमीदा गेली तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. तिची सून दारात येऊन म्हणाली, "बाई, अम्मी गेल्या." मी टोपलं बाजूला सारलं, चप्पल घातली आणि शेजारी गेले. दुखणं जुनं होतं, वय झालं होतं, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. रडूही आलं नाही. दुसऱ्याच्या मयतीत हमीदाही कधी फार रडली नाही.

उमरखेडात आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक. तिचे मालक रहीमभाई यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. मी चौथी शिकलेली, जन्म शेतात गेला. तिचा जन्म अंगणात गेला आणि त्या अंगणात तिला एकच नाद, पामचा. नर्सरीतून वीतभर रोप आणून तिनं ते ऑइलच्या रिकाम्या डब्यात लावलं. तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावली की त्याला थोडं मोठं भांडं मिळे. डब्यातून बादली, बादलीतून पिंप, शेवटी गॅरेजातला अर्धा कापलेला लोखंडी ड्रम. मी एकदा म्हटलं, "एकदाच ड्रमात टाक ना. काहून दर सालाले तेच काम करून राह्यली?"

"लहान लेकराले बापाचा सदरा घालते का कोनी? एवढी माती वलीच राह्यते, मुळं सडतात."

ड्रम ती विटांवर ठेवी, म्हणजे पाणी खाली साचत नाही. उन्हाळ्यात वर जुन्या साड्या बांधून सावली करी, आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसे. "पोरांची तोंडं तरी अशी पुसली का कधी?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "पोरं पयून जातात."

पाम माणसापेक्षा उंच झाला तसं लोक तो लग्नाला मागू लागले. ड्रमच्या कड्यांत दोन लाकडी बल्ल्या घालून चार माणसं तो डोलीसारखा उचलून नेत. आमच्या लोकांच्या मांडवाला तोच, त्यांच्या शादीला तोच. मग हमीदाच्या धाकटीचा निकाह ठरला. आता तो आपल्या स्वतःच्या दारात उभा राहील, असं ती गल्लीभर सांगत फिरली.

त्याआधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ती महिनाभर नांदेडला थोरलीकडे राहिली. जाताना मला म्हणाली, "बाई, फक्त पानी देजो. बाकी हात लावू नको."

मी पाणी दिलं. पण मधोमध एक नवं पान भाल्यासारखं सरळ वर आलं आणि ओट्यावरच्या टिनाच्या छपराला टेकलं. मला वाटलं, वाकडं होईल. तुरीचा शेंडा खुडला की झाड डेरेदार होतं, बाजूनं फांद्या फुटतात, हे मी लहानपणापासून करत आले. विळा आणला, स्टुलावर चढले आणि तो भाला खालच्या कोवळ्या गाभ्यासकट कापला. पामला एकच शेंडा असतो, तो गेला की झाड गेलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात लावू नको, एवढं मात्र सांगितलं होतं...

हमीदा काठी टेकत परत आली ती आधी ड्रमपाशी गेली. बराच वेळ वर पाहत राहिली. "शेंडा कोनं कापला?"

"वानरानं मोडला," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि "असंल" म्हणाली. जुनी पानं काही महिने हिरवी होती, मग एकेक खालून वाळत गेली. नवं आलं नाही. शेवटचं पान वाळेपर्यंत ती पाणी घालत होती. निकाहाला दारात प्लॅस्टिकची फुलं लागली. त्यानंतर ती कितीतरी वर्षं जगली. रोज भिंतीवरून बोललो, पण तो विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. माझी ती हिंमत झाली नाही, एवढंच खरं.

हमीदाच्या चाळिसाव्या दिवशी जेवायला गेले. माणसं पांगल्यावर रहीमभाई ओट्यावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, एका गोष्टीचं वाईट वाटते. नांदेडहून आल्यावर काठीला विळा बांधून तिनं तो पामचा शेंडा कापला, त्याच्यावरून मी महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही. पोरीच्या शादीच्या तोंडावर झाड मारलं, म्हटलं, अक्कल गहाण ठेवली का?"

"तिनं कापला, हे कोनं सांगितलं?"

"तिनंच."

मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिच्याबरोबर मातीत गेली असती. पण तिच्या नावावर माझा मूर्खपणा कायमचा राहिला असता. म्हटलं, "भाई, मी कापला. तिले वानराचं नाव सांगितलं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे ती माह्याशी खोटं बोलली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"तुमाले समजलेलं पहिलं."

ते हसले... नंतर डोळे पुसले. मी दुसरीकडं पाहिलं.

अंगणात पाच लिटरच्या डब्यात तिनं गेल्या वर्षी लावलेलं दुसरं रोप आहे. त्याची मुळं आता खालून बाहेर आली आहेत. रहीमभाई म्हणतात, उन्हाळा सरल्यावर मोठ्या भांड्यात हलवू. मी म्हणते, आत्ताच हलवा. ऐन उन्हाळ्यात तिनं काय केलं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. आम्ही रोज भांडतो आणि रोप अजून डब्यातच आहे.