खुराकावर पोसलेली सायकल

फ्रान्सात एक माणूस सायकल चालवायचा पगार घेतो, ही बातमी आमच्या गावात आली तेव्हा लोकांनी बातमी आणणाऱ्याचं तोंड हुंगून बघितलं.

आणणारा माझा चुलतभाऊ. फौजेत होता. वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडला, कैदी करून त्याला फ्रान्सात नेलं. छावणीवर बॉम्ब पडले तसा हा तारेखालनं पळाला आणि एका शेतकऱ्याच्या गवताच्या माळ्यावर लपला. त्या शेतकऱ्याचा पोरगा म्हणजे हा सायकलवाला. लढाई संपून भाऊ घरी आला तर सगळे विचारायचे, जर्मन दिसायला कसा असतो. हा सांगायचा सायकलीचं. ह्याला फ्रेंच येत नव्हतं, त्याला मराठी. एवढं कळलं कसं, म्हणून विचारलं तर म्हणाला, हातानं.

तर तो गडी आधी गावोगाव पाव पोचवायचा. पावाची पाटी घेऊन चढ चढता चढता पायात जोर आला. मग जत्रेतल्या शर्यती मारल्या, मग एका सायकलीच्या कारखान्यानं त्याला ठेवून घेतला. अंगात कारखान्याचं नाव लिहिलेला सदरा आणि काम काय, तर बर्फाच्या डोंगरावरनं सायकल हाणायची. लढाई आली, शर्यती बंद पडल्या. त्यानं सायकल खोलली, गवतात पुरली आणि बापाबरोबर बटाटे काढायला लागला. माझा भाऊ त्याच गवतात झोपायचा. चाक पाठीत रुतायचं म्हणे.

"किती मोठ्या शर्यती मारल्या त्यानं?" पारावर कुणीतरी विचारलं.

"एक बी न्हाई."

"मग पगार कशाचा रं?"

"हरायचा," भाऊ म्हणाला. "त्यांच्यात एक म्होरक्या असतो. म्होरक्याला तहान लागली, ह्यानं पानी न्यायचं. वारं आलं, ह्यानं म्होरं ऱ्हाऊन आडवायचं. म्होरक्याचं चाक मोडलं, तर आपलं काढून द्यायचं आन् आपुन रस्त्याकडंला बसायचं."

"म्हंजी सालगडी," एक म्हातारा म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

घरी येऊन मी हेच बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सालगडी कशाचा, बायकूच की. पगार कुटं मिळतो म्हनला?"

माझं तिकडं ध्यान नव्हतं. माझ्या डोक्यात पगार बसला होता. मी रोज सायकलीला कॅन अडकवून दूध घेऊन साताऱ्याला जायचो, चढ चढत. पावाच्या जागी दूध, बाकी सगळं जुळत होतं. त्यातच सांगलीच्या एका सायकल दुकानदारानं शर्यत लावली, सातारा ते सांगली. गावानं ठरवलं, आपला गडी उतरवायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या गावाला माणूस तयार करायची एकच रीत ठाऊक, ती म्हणजे तालीम. मला वस्तादाच्या ताब्यात दिला. भावानं फ्रान्सातल्या वर्तमानपत्रातला त्या गड्याचा फोटो आणला होता, तो वस्तादाला दाखवला. गालात खड्डे, ढोपरं बाहेर आलेली, उसाच्या चिपाडागत माणूस.

"ह्येला क्षय झालाय," वस्ताद म्हणाला.

"आवं वस्ताद, त्यो असाच असतो. चढाला वजन नको."

"लढाईत खायला मिळालं नसंल, म्हनून वाळलाय. आन् म्हनूनच हरला."

भावानं फोटोची घडी करून खिशात घातली. तो गडी मोठं काही जिंकला नव्हता, हे त्यानंच सांगितलं होतं.

मग काय, पहाटे जोर, बैठका, लाल माती. बदामाची थंडाई, वर तूप. साताऱ्याला जायचं दूध माझ्याच नरड्यातनं खाली जायला लागलं. लोक माझा दंड दाबून बघायचे आणि मान हलवायचे. सायकल तालमीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, तिला हळदकुंकू वाहिलेलं. तिच्यावर बसायची मात्र बंदी. वस्ताद म्हणायचा, "दमशील. ताकद शर्यतीला ठिव."

पंचमीला बायकोचा भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. रीतच ती. सण झाल्यावर मी आणायला गेलो. तिचं गाव इस्लामपूरच्या पुढं, सांगलीच्या रस्त्यावरच. सासरा दारात आडवा उभा.

"मी पोरगी दूधवाल्याला दिली, सर्कशीत न्हाई," तो म्हणाला. "चड्डी घालून रस्त्यानं मांड्या दावत फिरायचं याड सुटलं, की या न्यायला. न्हाईतर आमच्यात काडीमोड हाय. पाट लावून द्यायला माणसं बी हायती."

ती दाराआड उभी होती. बांगड्या वाजल्या, एवढंच.

मी एकटा परत आलो. दसरा गेला, दिवाळी गेली. घरात चूल नाही, मी तालमीत जेवायचो. मनाशी हिशेब पक्का केला होता: शर्यत मारायची, पगार दाखवायचा, सासरा मऊ होतो. हरलो तर बायको दुसऱ्याची. असा हिशेब खुराक खाणाऱ्यालाच सुचतो.

शर्यतीच्या सकाळी साताऱ्यात थंडी मरणाची. वस्तादानं तांब्याभर थंडाई पाजली, वर वाटीभर तूप. गावची माणसं हलगी आणि गुलालाचं पोतं घेऊन मोटारीनं आधीच सांगलीला गेली. बाकीचे गडी सगळे चिपाडं. शिट्टी झाली आणि ती चिपाडं वाऱ्यानं उडाल्यासारखी गेली. कराडपर्यंत मला त्यांची धूळ दिसत होती. कराडनंतर धूळही नाही. पोटात कळशी हिंदकळत होती.

सासऱ्याच्या दारावरनं वाऱ्यासारखं जायचं, असं मी महिनाभर मनात घोकलं होतं. तिथं पोचलो तो सरळ खाली उतरलो आणि त्याच्या बैलांच्या दावणीशेजारी ओकलो. बदाम दिसत होते.

अर्धं गाव जमलं. सासरा पटका सारखा करत म्हणाला, "पैलवान, कुस्ती कुणासंगं हाय?"

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला चूळ भरायला लावली. पाठीवरनं हात फिरवला, मग दंडावरनं, बाजारात म्हस बघावी तसा. नंतर बापाकडं वळली.

"दादा, याड सुटलं की पाठवीन म्हनला व्हता."

"म्हनलो व्हतो."

"बघा, सुटलं."

"त्यानं सांगून सुटलंय, का ओकून?"

"कसं बी सुटूंद्या. सुटल्याशी कारन."

लोक हसले. हसलेल्या गावासमोर सासऱ्याला शब्द फिरवता येईना. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "खरंच का वं?" मी मान हलवली. बोललो असतो तर परत ओकलो असतो.

ती नेसत्या लुगड्यानिशी मागं बसली. मी सायकल साताऱ्याकडं वळवायला लागलो, तर म्हणाली, "तिकडं कुटं? सगळं गाव सांगलीत वाट बघत बसलंय. त्यास्नी सांगाया नगो?"

मग सांगली. चिपाडं कधीच बक्षीस घेऊन घरी गेली होती. आमचंच गाव तेवढं रस्त्यात उभं. मी आलो तो मागं बायको. वस्तादानं तोंड फिरवलं. हलगीवाला वाजवू का नको म्हणून सगळ्यांकडं बघत राहिला. पण उधळायला आणलेला गुलाल परत घरी न्यायचा नसतो, आमच्यात तो अपशकून. म्हणून सगळं पोतं आमच्या दोघांवर रिकामं केलं. सांगलीची माणसं विचारायला लागली, वरात कुठल्या गावची. माझा भाऊ म्हणाला, "फ्रान्सात बी असं बघितलं न्हवतं." तिच्या कपाळावर, नाकावर, पापण्यांवर गुलाल. दात तेवढे पांढरे. हसत होती.

त्यानंतर जन्मभर मी दूध घातलं. कधी रिकामा बसलो की ती म्हणायची, "आवं फ्रान्सवाले, चाक काढून देऊ का?" बरं, ती नुसती म्हणायची नाही. द्यायची. मी झोपलेला असलो तर कॅन तिनंच डोक्यावरनं नाक्यापर्यंत नेलेले मी पाहिलेत, एक डोळा उघडून.

ह्या माघात ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी मळवट भरला, कपाळ लालेलाल. एकजण म्हणाली, किती भाग्याची. दुसरी म्हणाली, असं मरण मागून मिळत नाही. मी त्यांना म्हणालो, "भाग्य तिचं, मग घरी जाऊन नवऱ्याच्या आधी मरा की." वाईट वाटलं त्यांना. वाटू दे. तिला एवढी लाल मी दुसऱ्यांदा बघत होतो, आणि ह्या खेपेला ती हसत नव्हती.

सायकल अजून गोठ्यात आहे. सून म्हणते, भंगारात घाला. मी घालत नाही. फ्रान्सातला सालगडी म्होरक्याला सोडून कधी एकटा पुढं गेला नाही, असं भाऊ सांगायचा. आमची गेली. पाणी कोण आणायचं, ते सांगितलंसुद्धा नाही.