शनिवारी एक तास

आमच्या वकिलीत एक नियम आहे, तो कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही. समोरच्या वकिलाने तारीख मागितली की आपण आड यायचं नाही. अर्जाच्या कोपऱ्यात 'हरकत नाही' असं लिहायचं, सही ठोकायची आणि दोघांनी मिळून कॅन्टीनला चहा प्यायला जायचं. आज त्याला गरज, उद्या आपल्याला. ह्याला आम्ही खिलाडूपणा म्हणतो. पक्षकार बिचारा बाहेर बाकड्यावर बसून आमचा हा खिलाडूपणा बघत असतो.

हल्ली बाररूममध्ये मोठमोठ्या चर्चा झडतात. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, ई-फायलिंग आलं, मोबाइल अर्ज लिहून द्यायला लागला, आता वकिलीचं कसं होणार? मला त्या चर्चांचा वीट आलाय. मोबाइल आमचा धंदा बुडवील तेव्हा बुडवील. लोकांचा विश्वास आम्हीच कधीचा बुडवून बसलोय.

माझा एक पक्षकार जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवतो. नवराबायकोचं पटलं नाही, बायको लेकीला घेऊन हातकणंगल्याला माहेरी गेली. दोष कुणाचा, हे कौटुंबिक कोर्टात इतकी वर्षं काढूनही मी सांगू शकणार नाही. त्याचं मागणं साधं होतं: केसचा निकाल लागायचा तेव्हा लागू दे, तोवर लेकीला भेटू द्या. मी तसा अर्ज दिला तेव्हा ती पोर नुकती पाऊल टाकायला लागली होती.

मग तारखा सुरू झाल्या. कधी जज्जसाहेबांची बदली, कधी आम्हा वकिलांचंच काम बंद, आणि बहुतेक वेळा समोरच्या वकिलांची काहीतरी अडचण. दर वेळी हा दुकानाला कुलूप लावून, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने खाली कोर्टात यायचा. एकदा मी 'हरकत नाही' लिहून बाहेर आले, तर म्हणाला, "मॅडम, तुमचं तारखंवर भागतंय. पोरगी वाढायची थांबतीया व्हय?"

ते मला फार झोंबलं. पुढच्या वेळी समोरच्या वकिलांनी पुन्हा मुदत मागितली तेव्हा मी उभी राहिले आणि हरकत घेतली. कोर्टात अशी शांतता पसरली, जशी काही मी शिवीच दिली होती. जज्जसाहेबांनी शेवटची संधी म्हणून मुदत दिलीच. जिन्यात ते वकील हसत म्हणाले, "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर? हितंच दिवस काढायचेत की तुम्हाला." ते वयाने मोठे आहेत, मी नमस्कार करून जिना उतरले.

नेमकी पुढच्या तारखेला सकाळीच माझी आई मोरीत घसरून पडली. पक्षकाराला मी कळवलं, आज तारीखच पडेल, येऊ नका. मग दवाखान्यातून मी एकेका वकिलाला फोन लावत होते, की माझ्यासाठी एवढी तारीख मागा. एक म्हणाला दुसऱ्या कोर्टात आहे, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. शेवटी जो तयार झाला तो कोर्टापुढे नुसता पुटपुटला, आणि समोरच्यांनी ठणकावून हरकत घेतली. आमच्या गैरहजेरीत अर्ज फेटाळला गेला. कायद्याने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. संध्याकाळी मी पक्षकाराला फोन करून सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "आईचं कसं हाय आता?" त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुन्हा नवा अर्ज, पुन्हा तारखा. हुकूम झाला तोवर मुलगी बालवाडीत जायला लागली होती. दर शनिवारी एक तास, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत भेट.

पहिल्या शनिवारी तो नवा शर्ट घालून आला. गुलालाने कायम रंगलेले हात त्याने इतके घासले होते की कातडी सोलवटली होती. मुलीची आई तिला आत सोडून बाहेर बसली. मुलगी भिंतीला चिकटून उभी, मी दाराशी. त्याने खाली मांडी घातली आणि हळूच तिला नावाने हाक मारली. ती पळत माझ्याकडे आली, माझ्या काळ्या कोटामागे लपली आणि मला विचारायला लागली, "ह्यो मामा कवा जाणार?"

त्याने ते ऐकलं. तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. म्हटलं, चार-सहा शनिवार जाऊ देत, सवय होईल. होते खरंच, मी पाहिलंय.

"तवर तिनं भ्यायचं?" तो म्हणाला. "न्हाय मॅडम. तिला माझं भ्या वाटतंय. बंद करा हे समदं."

मी समजावलं, रागावले, दोन दिवस विचार करून या म्हणाले. तो परत आला ते तेच सांगायला. भेटीचा हक्क सोडत असल्याचं मी कोर्टाला लिहून दिलं. त्याच्या केसमध्ये मी दिलेल्या सगळ्या कागदांत तेवढा एकच कागद त्याच दिवशी मंजूर झाला.